पोचूची बाटली

१

खोकं जागेवर होतं. बाटली नव्हती.

डॉक्टर अतुल यांनी ते पांढरं खोकं उलटं केलं, आत बोट घालून पाहिलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं. मग दारात उभ्या असलेल्या मुखरूभाऊंना हाक मारली, "मास्तर, पाहा बरं तुमी. मले वाटते माहे डोळे गेले."

मुखरूभाऊ कधी मास्तर नव्हते. आलापल्लीच्या कॉलेजात ते ग्रंथपाल होते आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण पुस्तकाच्या माणसाला या भागात मास्तरच म्हणतात. त्यांनी चष्मा पुसला, कपाटात वाकून पाहिलं. वरच्या फळीवर महागडी इंजेक्शनं नीट रचलेली होती. खालच्या फळीवर खोकं, आणि खोक्याशेजारी पानाच्या द्रोणात मूठभर सुकी मोहफुलं.

"हे काय?"

"रीना सिस्टरचा खाऊ असन. कपाटात काहीबी ठेवते ते पोरगी." डॉक्टरांचं लक्ष तिकडे नव्हतं. "बाटली गेली, मास्तर. दिव्यानी मॅडम आता येतील. मी काय सांगू त्याहिले?"

दिव्यानी मॅडम आल्याच. नागपूरच्या वकील, पेटंटची कामं करणाऱ्या. मेच्या उन्हात जीपमधून उतरल्या त्या थेट कपाटापाशी. रिकामं खोकं पाहून त्या तिथेच स्टुलावर बसल्या.

"शुक्रवारपर्यंत ती बाटली नागपूरच्या प्रयोगशाळेत पोचायला हवी. नाही पोचली, तर आपला पुरावा संपला."

बाहेरच्या बाकावर कमळा बसली होती. आष्टीकडची धानशेती करणारी बाई. तिच्या तळपायावर काळा डाग आला, तेव्हा घरच्यांना वाटलं बिब्बा उतला. बिब्बा नव्हता, कातडीचा कर्करोग होता. पायाचं ऑपरेशन झालं, तरी जांघेत गाठ आली. त्या गाठीतल्या पेशींत एक खटका अडकून बसलेला असतो आणि तो पेशीला सारखं 'वाढ, वाढ' म्हणत राहतो. एक गोळी नेमका तोच खटका बंद करते. गोळीचं नाव लांबलचक आणि शेवटी 'निब', म्हणून बाकावरची मंडळी तिला निंबाची गोळी म्हणत. कडुनिंबाशी तिचा काही संबंध नाही, हे डॉक्टर सांगून थकले होते. त्या गोळीनं कमळाची गाठ बसली. पण कंपनीनं फुकट पुरवठा बंद केला, आणि आता तिच्या डबीच्या तळाशी थोड्याच गोळ्या वाजत होत्या.

"मास्तर," दिव्यानी म्हणाल्या, "तुम्ही शोधा. तुम्हाला इथली सगळी माणसं ओळखतात."

आयुष्यात शेकडो रहस्यकथा वाचून एकदाही मुखरूभाऊंना गुन्हेगार आधी ओळखता आला नव्हता. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बाकावरून कमळा त्यांच्याकडे पाहून हसली, आणि तोंड मिटलं.

२

आधी त्यांनी प्रकरण स्वतःच्या डोक्यात लावून पाहिलं. लागलं नाही. मग दिव्यानींना पुन्हा सगळं सांगायला लावलं.

"औषध जुनंच आहे," त्या धीरानं म्हणाल्या. "त्याचं पहिलं पेटंट सरत आलंय. म्हणून कंपनीनं त्याच रेणूचं एक स्फटिकरूप पुढे केलं. एकाच साखरेची पिठीही असते आणि खडीही असते, तसं. म्हणते हे रूप नवं, आमचंच, आणखी बरीच वर्षं दुसऱ्या कुणी बनवायचं नाही. हैदराबादकडचा एक कारखानदार स्वस्तात बनवायला तयार आहे. पण हा अर्ज डोक्यावर असेपर्यंत तो यंत्राला हात लावत नाही."

"आणि कायदा काय म्हणतो?"

"दोन गोष्टी. जुन्या औषधाचं नुसतं रूप बदललं आणि गुण वाढला नाही, तर पेटंट नाही. त्यावर ते तज्ज्ञांची फौज आणतील आणि वर्षभर वाद चालेल. दुसरी गोष्ट सोपी आहे. अर्जाच्या आधीच ती वस्तू इथे उघडपणे वापरात असेल, तर ती नवी नाही. नवी नाही, तर पेटंट नाही."

"आणि पोचूची बाटली अर्जाच्या आधीची."

"कंपनीनंच पाठवलेली! डॉक्टरांनी दिली, रोग्यानं घेतली, गुपित ठेवा असं कुणी कुणाला म्हटलं नाही. बाकीच्या बाटल्या पोचूनं संपवल्या. मध्ये ताप यायला लागला म्हणून डॉक्टरांनी गोळीची ताकद कमी केली, तेव्हा ही एक न फोडता दवाखान्यात राहिली. आतल्या गोळ्यांत तेच स्फटिक निघाले की अर्ज कोसळला."

"खोक्यावरही तारीख आहे ना?"

"आहे. पण रिकाम्या खोक्यात स्फटिक नसतात, मास्तर."

पोचू हा भामरागडकडच्या जंगलगावातला माडिया शेतकरी. कमळासारखाच आजार. गोळ्यांवर तो बरीच वर्षं जगला आणि या हिवाळ्यात गेला. त्याची बायको मंगली आणि कमळा याच बाकावर ओळखीच्या झाल्या. गोळीनं ताप चढला की काय करायचं, हे कमळाला मंगलीनंच शिकवलं होतं.

मंगलीची साक्ष हवी म्हणून मागच्या आठवड्यात मुखरूभाऊ दिव्यानींना घेऊन तिच्या गावी गेले होते. अंगणात बसून त्यांनी तिला सगळं समजावलं होतं. पेटंट, एकस्व हे शब्द तिच्या कानावरून गेले, तेव्हा त्यांनी "कंपनी औषधावर पट्टा मागते" असं म्हटलं. ते तिला लगेच कळलं. ती म्हणाली होती, "मंग बाटली जुनी हाय मनून साहेबाले दाखवाची काय?" मुखरूभाऊ खूश होऊन म्हणाले होते, "बरोबर! जितकी जुनी, तितकी चांगली." मंगली गप्प झाली होती. नवऱ्याची आठवण आली असेल, असं वाटून त्यांनीही मान खाली घातली होती.

आता प्रश्न एवढाच, बाटली कुणाला हवी होती? कंपनीला. हे कुणीही सांगेल. कंपनीचा माणूस विक्की काल बाजाराच्या दिवशी दवाखान्यात येऊन गेला होता, हेही रीना सिस्टरनं सांगितलं.

"आनि तो विचारत होता," ती आवाज खाली करून म्हणाली, "का पोचूची बाटली कुठी ठेवली मनून."

३

विक्की बसस्थानकासमोरच्या हॉटेलात पोहे खात होता. गळ्यात टाय, कपाळावर घाम.

"अरे मास्तर, या या! चहा सांगू?"

मुखरूभाऊंना चोराला थेट विचारता येत नसे. साध्या माणसालाही येत नसे. ते टेबलाकडे पाहत म्हणाले, "तुम्ही काल... म्हणजे, कपाटाकडे... मला तसं म्हणायचं नाही..."

"बाटली ना? गेली ना?" विक्कीनं चमचा खाली ठेवला. "मास्तर, खरं बोलतो. वरून फोन आला होता, बॅच नंबरचा फोटो पाठव मनून. मी विचारलं, सिस्टरनं हाकलून दिलं. बस. मी गोळ्या विकतो, चोरत नाई. आनि चोरली असती त खोकं कायले ठेवलं असतं? बॅच, तारीख, सारं खोक्यावरबी छापलं राहते. मी त आधी खोकंच पळवलं असतं!"

"खोकं राहिलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

विक्कीचा चेहरा पडला. क्षणभर मुखरूभाऊंना वाटलं, सापडला!

"प्रफुलनं," विक्की म्हणाला. "कमळाबाईचा पोरगा. काल दुपारी इथीच बसला होता, तोंड पाडून. मनत होता, खोकं रिकामं निघालं."

काल दुपारी? डॉक्टरांना चोरी कळली ती आज सकाळी. मग प्रफुलला काल दुपारीच कसं कळलं?

४

प्रफुल जीप चालवत असे. गाडीखालून त्याचे पायच बाहेर दिसत होते. मुखरूभाऊ त्या पायांशीच बोलले, ते त्यांना सोपं गेलं.

"प्रफुल, तू काल कपाट उघडलंस?"

पाय हलले नाहीत. मग आवाज आला, "उघडलं."

"का रे?"

तो सरपटत बाहेर आला. तोंडाला ग्रीस, डोळे लाल. "काऊन मनजे? मायच्या गोळ्या सरून राह्यल्या. तिथी भरली बाटली हाय आनि तुमी ते फोडून तपासाले पाठवता! जिवंत माणसाच्या तोंडी नाई, मशीनच्या तोंडी. चाबी दाराच्या खिळ्यालेच राहते. गेलो, उघडलं. खोकं हलकं लागलं. आत काईच नाई."

"तिची मुदत संपलीय, बाबा."

"माहीत हाय मले. मायची मुदत सरन त्याचं काय?"

मुखरूभाऊंनी खिशातला रुमाल त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, "अजून काय दिसलं कपाटात?"

"मोहफुलं होती द्रोणात. दोन तोंडात टाकली मी. भूक लागली होती." तो ओशाळला. "ते काय सिस्टरची होती?"

रीना सिस्टरला विचारलं तर ती भडकलीच. "मी? मोहू? कपाटात? मास्तर, मी इंजेक्शनाच्या कपाटात पाण्याची बाटलीबी ठेवत नाई! विचारा सरले!"

आता मात्र मुखरूभाऊंचं डोकं पार गरगरलं. विक्की नाही, कारण त्यानं खोकं नेलं असतं. प्रफुल नाही, कारण तो उशिरा पोचला आणि ते त्यानं पडल्या चेहऱ्यानं विक्कीला सांगितलंही. कंपनीला बाटली दडपायला हवी होती आणि रोग्याला गोळ्यांसाठी, पण दोघांकडेही ती नव्हती. तिसरा कोण? आणि चोर चोरीच्या जागी मोहफुलं कशाला ठेवील?

मोबदला! हा शब्द मनात आला आणि ते रस्त्यातच थांबले. चोर काही ठेवून जात नाही. आपली वस्तू परत नेणारा माणूस सांभाळणाऱ्याला काहीतरी देऊन जातो. खोकं कंपनीचं, ते त्यानं सोडलं. बाटलीवर डॉक्टरांनी पेनानं नाव लिहिलं होतं, पोचू. तेवढीच नेली.

मंगली! पण मंगलीनं का न्यावी? कमळाचा जीव वाचावा असं तिच्याइतकं कुणाला वाटणार? जिला बाटली पोचवायची होती, तिनंच ती का लपवावी? दिव्यानींना हे सांगावं तर त्या हसतील. मुखरूभाऊंना स्वतःलाच ते खरं वाटेना.

ते चहाच्या टपरीवर टेकले. बाकावर दोघे शेतकरी तहसीलीतल्या कामावरून भांडत होते.

"अबे, साहेबाले जुनं दाखव ना! बापाचा बांध दाखव, आज्याचं झाड दाखव. जुनं दाखवल्याबिगर पट्टा भेटते काय?"

मुखरूभाऊंचा चहा बशीतच राहिला.

या जंगलात पट्टा म्हणजे एकच, वनजमिनीचा हक्क. आणि तो कुणाला मिळतो? आपण इथे जुने आहोत, हे जो दाखवील त्याला. कंपनी पट्टा मागते. जुनी बाटली दाखवायची. जितकी जुनी, तितकी चांगली.

हे कुणी सांगितलं होतं तिला? साऱ्या आलापल्लीत ते ज्याला शोधत होते तो माणूस त्यांच्याच सदऱ्यात बसला होता.

५

प्रफुलनं जीप काढली. कमळा म्हणाली, "मी येतो," आणि कुणाचं न ऐकता मागच्या सीटवर पाय लांब करून बसली. दिव्यानी पुढे. मुखरूभाऊ कमळाशेजारी, अंग चोरून.

मंगली अंगणात मोहफुलं वाळवत होती. एकमेकांना जोहार झाला. तिनं खाट टाकली, पाणी दिलं.

"मंगलीबाई," मुखरूभाऊ म्हणाले, आणि यावेळी त्यांनी डोळे खाली घातले नाहीत. "बाटली तुम्ही नेली?"

"नेली. चोरली नाई. मोहू ठेवून आलो."

"का नेली?"

"तुमीच त म्हनलं!" ती चिडली होती. "कंपनी पट्टा मांगून राह्यली. आमचा पट्टा झाला तवा काय ठेवलं होतं साहेबापुढं? जुना बांध दाखवला. सासऱ्याच्या मयतीच्या दगडापाशी नेऊन उभं केलं, म्हनलं पाहा, आमी जुने. तवा भेटला. आता कंपनीचीच जुनी बाटली तुमी साहेबाले देता, त कंपनीले पट्टा नाई भेटन काय? मंग हे कमळा काय खाईन? मी म्हनलं, मास्तर भोळा मानूस हाय, त्याले कोनी तरी फसवून राह्यलं."

दिव्यानींनी मुखरूभाऊंकडे पाहिलं. मुखरूभाऊंना जमिनीत शिरावंसं वाटलं. पण शिरून भागणार नव्हतं.

"चूक माझी," ते म्हणाले. "शब्द माझा चुकला. जमिनीच्या पट्ट्याला जुनं लागतं. औषधाच्या पट्ट्याला नवं लागतं. कंपनी म्हणते हे नवं आहे, आजवर कुणी वापरलं नाही. जुनं निघालं की तिचा पट्टा गेला."

"जुना असला त जाते?"

"जातो."

"उलटा कायदा हाय?"

"उलटा आहे."

मंगलीनं वाळत्या मोहफुलांवरून हात फिरवला. मग विचारलं, "मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

आयुष्यभर शब्दांच्या राशीत बसून मुखरूभाऊंनी एक शब्द उचलला होता, आणि तो नेमका दुसऱ्याच दरवाज्याचा निघाला होता.

"बाटली कुठं आहे?" दिव्यानींनी हळूच विचारलं.

"ज्याची त्याले दिली," मंगली म्हणाली. "पोचूपाशी हाय."

६

गावाबाहेर सागाच्या सावलीत पोचूला पुरलं होतं. त्याची खाट उलटी टाकलेली, तिच्यापाशी त्याची छत्री, भोपळ्याचा पाण्याचा तुंबा, कुऱ्हाड. मेलेल्याच्या वस्तू त्याच्याजवळ ठेवायच्या, ही इथली रीत. तुंब्याशेजारी खाटेच्या पायाला पळसाच्या पानात गुंडाळून दोरीनं बांधलेली बाटली लटकत होती. पानाबाहेर आलेल्या झाकणाचं सील शाबूत होतं.

"इथलं कोनी नेत नाई," मंगली म्हणाली. "साहेब नाई, चोरबी नाई. मनून इथी ठेवली."

दिव्यानींचा हात नकळत पुढे गेला. मुखरूभाऊंनी त्यांना थांबवलं. कुणाला हातानं अडवण्याची ती त्यांची पहिलीच वेळ असावी.

"त्यांना विचारू द्या आधी."

मंगली खाटेपाशी बसली आणि पोचूशी गोंडीत बोलू लागली. मुखरूभाऊंना त्यातलं काही कळेना. ती रागावली असं वाटलं, मग हसली असं वाटलं. मध्येच 'कंपनी' ऐकू आलं, मध्येच 'कमळा'. एकदा 'मास्तर' आलं, तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले. शेवटी ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि दोरी सोडली. पोचू काय म्हणाला ते तिनं सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

बाटली मात्र तिनं कुणाच्या हाती दिली नाही. पदरात गाठ मारून ठेवली.

"मीबी येतो. बाटलीच्या तोंडाले बूच हाय, ते काय बोलन? पोचूनं खाल्ल्या, मी चारल्या. मीच सांगन."

"साहेब मुंबईला असतात, बाई. नागपुरात माझ्या ऑफिसातल्या पडद्यावर दिसतील, सुनावणीच्या दिवशी," दिव्यानी म्हणाल्या. "चालेल?"

"दिसन तिथून सांगन. आनि आज ते तपासाचं मशीन कुठी हाय तेबी पाहून घेतो."

जीप निघाली. बाटली शुक्रवारच्या आत पोचणार होती. साहेब काय ठरवील ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तोवर डबीतल्या गोळ्या पुरवायच्या होत्या. डॉक्टर आणखी दोन ठिकाणी हात पसरून पाहतो म्हणाले होते. मुखरूभाऊंनी मनातल्या मनात सगळी वाक्यं पुन्हा तपासली. या वेळी तरी नीट सांगितलं ना आपण? जुनं म्हणजे जुनं, नवं म्हणजे नवं?

पर्लकोटा नदीचा पूल ओलांडला तेव्हा मंगलीनं त्यांच्या बाहीला धरून ओढलं.

"मास्तर, एक सांगा. आमचा पट्टा पह्यले कित्येक डाव नामंजूर झाला. साहेब नामंजूर म्हनला का गावातल्या बाया रडत. या डावी साहेब नामंजूर म्हनला, त काय कराचं?"

मुखरूभाऊंनी नीट विचार केला. "हसायचं," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"मले नाई जमनार," मंगली म्हणाली. "तो शब्द ऐकला का माहे डोळे आपोआपच भरते."

"मी राहीन ना तिथी बाजूले," पाय लांब करून बसलेली कमळा म्हणाली. "मी हसलो का तूबी हास. माह्याकडं पाहत राह्य फक्त."

मंगलीनं तिच्याकडे पाहिलं. पायाच्या पट्टीकडे पाहिलं, उन्हानं काळवंडलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग पदराची गाठ सोडून तिनं बाटली बाहेर काढली आणि कमळाच्या दोन्ही हातांत दिली.

"मंग धर," ती म्हणाली. "आनि राह्यजो."